तणनाशकाची झळ आणि बांधावरची रानझाडं: या चुका टाळा

“बांध हिरवाच आहे, म्हणजे काही झालं नाही.” फवारणीनंतरची सगळ्यात मोठी चूक हीच. वाऱ्याबरोबर उडून गेलेला तणनाशकाचा अंश शेतातल्या मात्रेच्या मानाने नगण्य असतो. त्याने रानझाड बहुधा मरत नाही, पण फुलोरा लांबतो, फुलं कमी लागतात, बी धरत नाही. शेतात वापरतात त्याच्या साधारण १ टक्का डायकांबा (रुंद पानांच्या तणांवरचं एक तणनाशक) लसूणघासावर आणि एका रानफुलाच्या झाडावर फवारून पाहिलं, तेव्हा दोन्हींना फुलं उशिरा आणि कमी आली. इजा झालेल्या झाडांकडे परागीभवन करणारे कीटकही बऱ्याचदा कमी फिरकले.

म्हणून पानं जिवंत आहेत का, एवढंच पाहून परत फिरू नका. कळ्या धरल्या का, शेंगेत दाणा भरला का, ते पाहा. एकाच फेरीत हे कळत नाही. तणनाशकाच्या सरकारी नोंदणीसाठीच्या प्रमाणित चाचण्याही बहुतेक कोवळ्या रोपांवर, तीन-चार आठवड्यांच्या असतात. फुलोऱ्यापर्यंत त्या पोहोचतच नाहीत. मला ही उणीव फार गंभीर वाटते, कारण वर्षायू (एका वर्षात जगून संपणाऱ्या) रानझाडांची पुढची पिढी बियांवरच अवलंबून असते. जमिनीत आधीचं बी शिल्लक असेल तोवर नुकसान झाकलं जातं. त्यातून २,४-डी सारखं रुंद पानांवर चालणारं औषध वरचेवर उडून येत राहिलं, तर गवतं तगतात आणि फुलझाडं मागे पडतात. बांध हिरवाच राहतो, पण गवताचा.

दुसरी चूक जाणकारांकडूनही होते: वारा पडला की फवारायला घेणं. संध्याकाळी जमीन निवते, तिच्यालगत थंड हवेचा थर साचतो आणि वर उबदार हवा बसते. अशी हवा खालीवर मिसळत नाही. बारीक थेंब त्यात तरंगत राहतात आणि जराशा झुळुकीने आडवे लांबवर सरकतात. थोडा धूर करून पाहा. तो वर न चढता जमिनीलगत पसरत राहिला तर फवारणी थांबवा. त्यापेक्षा दिवसाचा हलका, एकाच दिशेचा, रानझाडांपासून उलट वाहणारा वारा बरा.

पंपाचा दाब वाढवला की औषध चांगलं बसतं, हाही गैरसमजच. दाब वाढला की थेंब बारीक होतात. २०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एका थेंबातल्या पाण्यात १०० मायक्रॉनचे आठ थेंब होतात, आणि सहज उडतात ते हेच. कीटकनाशकाचं बारीक तुषार देणारं नोझल तणनाशकाला लावू नका. सपाट पंख्याचं, जाड थेंबाचं नोझल घ्या, दाब कमी ठेवा, नोझल उगाच उंच धरू नका.

एवढं सांभाळूनही डायकांबा किंवा २,४-डी चं एस्टर हे रूप उन्हाच्या तडाख्यात पानांवरून वाफ होऊन उठतं, तेही फवारणी आटोपल्यावर. तिथे नोझल बदलून काही साधत नाही. उकाड्याचे दिवस टाळायचे आणि २,४-डी वापरायचंच तर कमी वाफ होणारं अमाइन क्षाराचं रूप घ्यायचं.

पानं वळली की विषाणू म्हणून मोकळं होणं, ही आणखी एक चूक. डायकांबाने नवी पानं वाटीसारखी वळतात. २,४-डी ने देठ पिळवटतात, पानं अरुंद होतात. ग्लायफोसेटने कोवळे शेंडे पिवळे पडतात, पण त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. पॅराक्वाटचे करपलेले ठिपके दिवसा-दोन दिवसांत उमटतात आणि नंतरची पानं स्वच्छ येतात. रोग सहसा एखाद्या जातीवर किंवा जवळच्या काही जातींवर दिसतो. एकमेकांशी नातं नसलेल्या अनेक जाती एकदम बिघडल्या असतील आणि फवारलेल्या शेताच्या कडेपासून लांब जाताना लक्षणं फिकी होत असतील, तर तणनाशकाचाच संशय घ्या.

पानांचे नमुने तपासायला द्यायचे तर उशीर नको, अंश लवकर विरतो. तारीख, वाऱ्याची दिशा आणि कडेपासूनचं अंतर लिहून फोटो काढा. नमुने गोळा करताना आधी लांबच्या निरोगी झाडांची पानं तोडा, मग बाधित झाडांची, आणि दोन्ही वेगळ्या कागदी पिशव्यांत थंड ठेवा. उलट केलं तर हाताला लागलेलं औषध निरोगी नमुन्यात जातं आणि तुलनाच बिघडते.