होळीआधी परतणारी थंडी: ठाणे जिल्ह्यातील आंबा, भाजीपाला आणि मोगरा बागायतदारांसाठी

'होळी जळाली, थंडी पळाली' असं आपण म्हणतो. पण होळीच्या आधी एकदा तरी ती मागे वळून येतेच. फेब्रुवारीत दुपारी पंखे सुरू होतात, स्वेटर पेटीत जातात आणि एका रात्रीत वारा उत्तरेकडून सुटतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत फेब्रुवारी 2008 मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी 2012 मध्ये किमान पारा 10 अंशांच्या खाली गेला होता. त्याच सांताक्रूझला 25 फेब्रुवारी 1966 रोजी कमाल तापमान 39.6 अंश होतं. महिना तोच. आपली पिकं या दोन टोकांच्या मध्ये उभी असतात.

होतं असं. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची हवामान प्रणाली, पुढे सरकला की त्याच्या मागून कोरडी, गार हवा राजस्थान-गुजरातमार्गे आपल्याकडे उतरते. दुपारी येणारा खारा वारा उशिरा येतो किंवा येतच नाही. आभाळ मोकळं, हवेत ओल नाही, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. असे तीन-चार दिवस जातात. मग समुद्रावरचा वारा पुन्हा जोर धरतो, दमटपणा वाढतो, पहाटे दव आणि धुकं पडतं आणि दुपारी एकदम ऊन भाजायला लागतं.

आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या निफाडसारखं दव गोठून पीक जळत नाही. त्यामुळे थंडीच्या दिवसांत शेतकरी निर्धास्त असतो. माझं कळकळीचं सांगणं हे की खरं नुकसान थंडी ओसरल्यानंतरच्या आठवड्यात होतं. बागेत रोज फेरी मारायची ती त्या आठवड्यात.

आधी आपल्या जागेचं तापमान ओळखा. मोबाईलवर ठाणे शहराचा आकडा दिसतो. खाडीलगतचं ठाणे, वाशी, बेलापूर रात्री उबदार राहतं. मुरबाड, शहापूर, बदलापूरकडे त्याच रात्री पारा काही अंशांनी खाली असतो आणि नदीकाठच्या खोलगट खाचरात आणखी खाली, कारण गार हवा जड असते, ती उताराने खाली येऊन साचते. कमाल-किमान तापमापी घेऊन पडवीत सावलीला टांगा. हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, 'मेघदूत' ॲपवर मराठीत वाचता येतो. तो वाचायचा आणि आपल्या पडवीतल्या आकड्याशी ताडून पाहायचा.

आता आंबा. मोहोराला थंडी लागतेच, पण डिसेंबरात. फेब्रुवारीत झाडावर कणी धरलेली असते, काही फळं वाटाण्याएवढी, काही गोटीएवढी. अशा वेळी थंडी परतली की हापूस पुन्हा मोहोरतो. झाड भरलेलं पाहून माणूस खूश होतो. पण झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधी धरलेली फळं पिवळी पडून गळतात. काही वर्षांपूर्वी माझ्या केसर-हापूसच्या बागेत हेच झालं. दुसरा मोहोर आला म्हणून मी चार माणसांना कौतुकाने बाग दाखवली आणि आठ दिवसांनी झाडाखाली सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा पाहिला. दुसऱ्या मोहोराला जी थोडी फळं धरली ती तयार व्हायला पाऊस आला. हातात दोन्हीकडून काही नाही.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची यावर शिफारस आहे: पुन्हा येणारा मोहोर रोखणारं जिब्रेलिक आम्ल हे संजीवक, 50 पीपीएम (दहा लाख भागांत 50 भाग), म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. पहिली फवारणी पहिला मोहोर पूर्ण उमललेला असताना, दुसरी त्यानंतर 15 दिवसांनी. ही पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात मिसळा. थंडी येऊन गेल्यावर, नवा मोहोर हातभर लांब झाल्यावर फवारून उपयोग नाही. तेव्हा लहान झाडांवरचा कोवळा मोहोर हातानेच खुडलेला बरा.

थंडी उतरून दव पडायला लागलं की सकाळी सातच्या आत बागेत जा. मोहोराची दांडी मुठीत धरून पाहा. तळहात चिकट झाला, आणि झाडाजवळ जाताना पानांवरून तडतड उड्या ऐकू आल्या, तर तुडतुडे वाढलेत. मग पांढरा कागद खाली धरून मोहोर दोन-तीनदा झटका. कागदावर बारीक पिवळसर रेघा हलताना दिसल्या की ते फुलकिडे. दांडीवर राख भुरभुरल्यासारखं दिसलं तर भुरी. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक 10 लिटर पाण्याला 20 ग्रॅम घ्या, पण उन्हात मारू नका. थंडीमागून येणाऱ्या उन्हात गंधकाने मोहोर करपतो, म्हणून ऊन उतरल्यावरच फवारा. कीटकनाशक विद्यापीठाच्या वेळापत्रकातलं, डब्यावरचं प्रमाण पाळून आणि मागच्या वेळचं सोडून दुसरं घ्या. मोहोर पूर्ण फुललेला असताना ते टाळा. गारठ्यात मधमाश्या आणि माश्या आधीच कमी फिरतात, दुपारी दोन-चार तास येतात, त्यांनाच मारलं तर फळ धरणार कसं?

फळं वाटाण्याएवढी झाल्यावर मोठ्या झाडाला 150 ते 200 लिटर पाणी, 15 दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा द्या. बुंध्याला नको, फांद्यांच्या घेराखाली आळं करून, आणि वर भाताच्या पेंढ्याचं आच्छादन. थंडीतून एकदम 37-38 अंशांवर गेलेल्या दिवसांत फळगळ त्यानेच आटोक्यात येते. साक्याचं, म्हणजे फळाच्या आतला गर पांढरट-स्पंजासारखा होण्याचं, प्रमाण कमी ठेवायलाही आच्छादनाची मदत होते. काढणीच्या महिनाभर आधी पाणी तोडा.

पेंढ्याचं आच्छादन म्हटलं की वणव्याचं बोलायलाच हवं. हाच कोरडा उत्तरेचा वारा डोंगरावरचं गवत चुरचुरीत करतो. माळशेजच्या पायथ्यापासून शहापूरच्या रानापर्यंत फेब्रुवारी-मार्चात वणवे लागतात आणि दहा-दहा वर्षं वाढवलेली कलमं तासाभरात होरपळतात. बागेभोवती दोन-तीन मीटर रुंदीची पट्टी गवत काढून मोकळी करा. आच्छादन कुंपणापर्यंत नेऊ नका. मोहोराला ऊब म्हणून झाडाखाली धुरी करण्याची जुनी पद्धत आहे, ती अशा वाऱ्यात करू नका. राब (भाताच्या रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा जाळणं) भाजायचा असेल तर वारा पडलेला पाहून, शेजाऱ्याला सांगून, पाण्याचा ड्रम जवळ ठेवून.

भाजीपाल्यात सगळ्यात आधी फटका बसतो तो नव्या पेरणीला. भेंडीचं बी 20 अंशांखाली नीट उगवत नाही, मातीत पडून कुजतं. रात्रीचा पारा उतरल्याची बातमी असेल तर पेरणी पाच-सहा दिवस पुढे ढकला. बाजाराची घाई मलाही कळते, पण विरळ उगवलेल्या शेतात नांगे (न उगवलेल्या मोकळ्या जागा) भरत बसण्यापेक्षा ते परवडतं. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सावलीत सुकवा, किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळा आणि पेरा. उभ्या भेंडीत उष्मा वाढताच पांढरी माशी येते आणि तिच्यामागून हळद्या हा विषाणूजन्य रोग. पानांच्या शिरा पिवळ्या दिसलेलं झाड त्याच दिवशी उपटून जाळा, पिवळे चिकट सापळे आधीपासून लावा.

काकडी, दुधी, शिराळी, कारली यांच्या पानाखाली सकाळी बोट फिरवा. वरून पिवळे कोनाकोनाचे ठिपके आणि खालून करडी बुरशी म्हणजे केवडा रोग. दव पडायला लागल्यावर तो आठवड्यात वेल उतरवतो. पाणी सरीतून किंवा ठिबकने द्या, पानं ओली करू नका. एक चूक मी अनेकांकडे पाहतो: आंब्यासाठी आणलेलं गंधक उरलं म्हणून काकडीवर मारायचं. वेलवर्गाला गंधक सोसत नाही, पानं भाजतात.

उन्हाळी भाताचं रोप पिवळं पडून खुरटलं तर लगेच युरियाची मूठ टाकू नका. संध्याकाळी विहिरीचं पाणी वाफ्यात भरा, ते रात्री उबदार असतं, आणि सकाळी काढून टाका. ऊब मिळाली की बहुतेक वेळा रोप आपोआप हिरवं होतं.

नवी मुंबईत गच्चीवर मिरची-टोमॅटो लावणाऱ्यांनी एवढंच करावं: थंडीच्या दिवसांत पाणी कमी, तेही सकाळी उन्हं आल्यावर, आणि कुंड्यांना खत नाही. ऊन तापल्यावर दोन्ही पूर्ववत.

राहिला मोगरा. छाटणीनंतर धरलेली कळी या थंडीत बारीक राहते आणि तिच्यावर गुलाबी छटा येते. दुकानदार ती पाहून औषध देतो. घेण्याआधी दहा-बारा कळ्या नखाने उभ्या चिरून पाहा. आत काही नसेल तर ती गारठ्याची छटा आहे, पारा चढला की जाते. आत पांढुरकी बारीक अळी दिसली, देठाजवळ कळी फुगलेली असली, तर ती कळीमाशी, तिथे उपाय करावाच लागतो. सुकलेल्या, गळलेल्या कळ्या वेचून बागेबाहेर पुरा, मातीवरचा पाला हलवून खालची माती उन्हात येऊ द्या. थंडीच्या चार दिवसांत तोडा निम्म्यावर येईल हे दादरच्या व्यापाऱ्याला आदल्या संध्याकाळीच कळवा आणि पहाटे चारला बोलावलेल्या बायकांना त्या दिवशी साडेपाचला यायला सांगा.