जॉन हॅम्पडन यांचे चरित्र मराठीत लिहिताना

सतराव्या शतकातील इंग्रज राजकारणी जॉन हॅम्पडन यांचे चरित्र साताऱ्यात बसून लिहायचे असेल, तर प्रथम तारखांचा गुंता सोडवून घ्यावा. त्या काळी इंग्लंडमध्ये ज्युलियन कालगणना चालू होती. ती आजच्या कालगणनेच्या दहा दिवस मागे होती आणि तेथील नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. राजा पहिला चार्ल्स हॅम्पडन आणि अन्य चार सभासदांना पकडण्यासाठी पार्लमेंटच्या कॉमन्स या लोकनियुक्त सभागृहात शिरला, तो दिवस आपण ४ जानेवारी १६४२ असा लिहितो. तत्कालीन कागदांत मात्र १६४१ हे साल दिसेल. प्रतापगडाच्या भेटीची १० नोव्हेंबर १६५९ ही तारीखही ज्युलियनच आहे, हे ठाऊक असलेल्या सातारकराला हा हिशेब परका वाटणार नाही.

हॅम्पडन यांना ‘सरदार’ म्हणू नये. ते बकिंगहॅमशायरमधील धनाढ्य जमीनदार होते, परंतु लॉर्ड नव्हते, म्हणूनच ते निवडून येऊन कॉमन्समध्ये बसत. ‘देशमुख’ हा शब्द जवळचा वाटतो, तरी तोही टाळलेला बरा, कारण देशमुखाकडे महसूलवसुलीचे वतन असे आणि हॅम्पडन यांची प्रतिष्ठा स्वतःच्या जमिनीवर उभी होती.

चरित्राची सर्वाधिक पाने मात्र करविषयक खटल्याला द्यावीत. ‘शिप मनी’साठी मी ‘जहाजपट्टी’ हा शब्द सुचवतो, कारण घरपट्टी आणि पाणीपट्टी भरणाऱ्या वाचकाला तो लगेच कळतो. युद्धप्रसंगी किनाऱ्यावरील गावांकडून जहाजांसाठी घेतली जाणारी ही पट्टी चार्ल्सने १६३४ मध्ये शांततेच्या काळात बसवली आणि पुढच्याच वर्षी, पार्लमेंटची संमती न घेता, समुद्रापासून दूर असलेल्या परगण्यांवरही लादली. ती न भरल्याबद्दल हॅम्पडन यांच्यावर चाललेला खटला अवघ्या वीस शिलिंगांचा, म्हणजे एका पौंडाचा होता. एवढ्या श्रीमंत माणसाने एवढ्याशा रकमेसाठी राजाशी वाद का घातला, हे वाचकाला नीट समजावून सांगावे: संमतीविना एक पौंड घेण्याचा अधिकार मान्य केला, तर हजार पौंड नाकारण्याचा आधारच उरत नव्हता. १६३८ मध्ये बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले आणि हॅम्पडन हरले. पण पाच जणांचा विरोध देशभर गाजला आणि १६४१ मध्ये पार्लमेंटने ही पट्टी बेकायदा ठरवली. असे असले तरी त्यांना सर्वसामान्यांच्या मताधिकाराचा कैवारी ठरवू नये, कारण परगण्याच्या निवडणुकीत मत देण्यासाठी वर्षाला किमान चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असावी लागे.

शिक्षण आणि घराणे यांसाठी एक परिच्छेद पुरे. पुढे पार्लमेंटच्या बाजूने राजाविरुद्ध लढलेला सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल त्यांचा मामेभाऊ होता, हे त्यात अवश्य यावे.

मृत्यूविषयी विशेष सावध राहावे. राजा आणि पार्लमेंट यांच्यातील यादवी युद्धात पार्लमेंटच्या बाजूने लढताना, १८ जून १६४३ रोजी चॅलग्रोव्हच्या लढाईत ते जखमी झाले आणि सहा दिवसांनी वारले, इतके निश्चित आहे. जखम शत्रूच्या गोळीची की स्वतःचे पिस्तूल फुटून झालेली, याविषयी मात्र दोन कथा आहेत, आणि १८२८ मध्ये ग्रेट हॅम्पडन येथील चर्चमध्ये थडगे उघडूनही हा वाद मिटला नाही, म्हणून दोन्ही कथा शेजारी शेजारी द्याव्यात.