भूकंप आणि वादळासाठी एक्सपान्शन जॉइंट निवडताना या चुका टाळा

मोठ्या इमारतीचे दोन भाग जिथे मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, त्या फटीसाठी नकाशावर बहुधा एक रेघ आणि '२५ मिमी एक्सपान्शन जॉइंट' एवढंच लिहिलेलं असतं. उन्हाने होणाऱ्या हालचालीला तेवढं पुरतं. भूकंपात आणि वादळात मात्र तीच फट सगळ्यात आधी उघडी पडते. जॉइंट म्हणजे वरून बसवलेली पट्टी असं मानलं की तिथूनच चुका सुरू होतात. खरा जॉइंट म्हणजे आतली मोकळी जागा. पट्टी फक्त ती जागा झाकते.

तापमानाची फट भूकंपाला लावणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काँक्रीट तापलं की एका अंश सेल्सिअसला मीटरमागे साधारण ०.०१ मिमी वाढतं. ४५ मीटर लांबीच्या भागात ३० अंशांचा फरक धरला तर हालचाल होते १३.५ मिमी. २५ मिमीची फट इथून आलेली असते.

भूकंपाचा हिशेब वेगळा आहे. समजा, शेजारच्या दोन भागांच्या माथ्यावर विश्लेषणातून ४० आणि ३० मिमी विस्थापन आलं. हे आकडे घटवलेल्या, म्हणजे डिझाइनसाठी कमी धरलेल्या भूकंपबलाचे असतात. प्रत्यक्ष विस्थापन (इमारत किती सरकेल ते) काढायला बांधकामाच्या संहितेतल्या, म्हणजे नियमपुस्तकातल्या गुणकाने गुणावं लागतं. गुणक ५ असेल तर आकडे होतात २०० आणि १५० मिमी. दोन्ही भाग एकाच क्षणी एकमेकांकडे झुकले असं धरलं तर फट हवी ३५० मिमी. अमेरिकेच्या एएससीई ७ सारख्या संहितेत वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतात. त्या रीतीने २५० मिमी. कुठलीही रीत घ्या, २५ मिमीच्या जवळपास उत्तर येत नाही. आकडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या, आणि तो घटवलेल्या बलाचा आहे की गुणून काढलेला, हे विचारा. गोंधळ नेमका इथेच होतो.

१९ सप्टेंबर १९८५च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात लगतच्या इमारती एकमेकींवर आदळून बरंच नुकसान झालं. असल्या आदळण्यात सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे एका इमारतीचा स्लॅब दुसरीच्या कॉलमच्या मध्यावर बसणं. म्हणून दोन्ही बाजूंच्या मजल्यांची पातळी एक नसेल तर फटीच्या बाबतीत जराही कंजुषी करू नका.

भरणाची जाडी विसरणं

हिशेबाने २५० मिमी आले, तेवढी फट ठेवली आणि तिच्यात फोमचं सील दाबून बसवलं. फोम मूळ रुंदीच्या निम्म्यापर्यंतच दबत असेल तर फट १२५ मिमीच मिटेल. पुढे फोम धक्का अडवेल आणि दोन्ही भागांना तो लागेल. भरण ठेवायचं असेल तर फट त्याप्रमाणे रुंद करा, नाहीतर बाहेरून सरकणारी प्लेट वापरा. कॅटलॉगमधला '±५० टक्के' हा आकडा कुठल्या दिशेचा आहे, तेही पाहा. बरेचदा तो फक्त उघडण्या-मिटण्याचा असतो. भूकंपात भाग जॉइंटच्या लांबीच्या दिशेनेही घसरतात, थोडे वर-खालीही होतात. आराखडा वेडावाकडा असेल तर इमारत पिळवटते आणि टोकाच्या कोपऱ्यातली हालचाल मधल्यापेक्षा जास्त होते.

वाऱ्याकडे फक्त गळतीचा प्रश्न म्हणून बघणं

वारा दाबतो तसा ओढतोही. सेकंदाला ५० मीटर वेगाच्या वाऱ्याचा मूळ दाब दर चौरस मीटरला साधारण १,५०० न्यूटन होतो. गच्चीच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर ओढ त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. ६०० मिमी रुंदीच्या धातूच्या कव्हरवर मूळ दाबानेही मीटरमागे ९० किलो वजनाएवढं बल येतं. चार स्क्रू आणि सीलंटवर (फट बुजवणाऱ्या लवचिक लेपावर) हे सोडून देता येत नाही.

आणि इथे खरी अडचण आहे. भूकंपात कव्हरने मोकळं सरकायला हवं, वादळात ते जागचं हलायला नको. दोन्ही बाजू पक्क्या बोल्टने जखडल्या तर पहिल्याच हादऱ्यात कव्हर फाटेल. एक बाजू नुसतीच सैल सोडली तर वारा ते उचलेल. कव्हर मध्यावर धरून ठेवणारे, पण सरकू देणारे आडवे बार असलेली रचना या दोन्हींचा मेळ घालते. उत्पादकाला सरळ विचारा: वाऱ्याच्या दाबाची चाचणी फट पूर्ण उघडी असताना झाली आहे का? उत्तर टाळलं तर पुढचं कव्हर बघा.

पाणी पहिल्या सीलंटमधून आत येणारच, असं धरूनच आखणी करावी. आत दुसरा जलरोधक पडदा हवा आणि त्यातून बाहेर जाणारी निचऱ्याची नळी हवी. गच्चीवरचा जॉइंट स्लॅबच्या पातळीत न ठेवता उंचवट्यावर घ्यावा. गळती बहुतेक वेळा सरळ लांबीत नसते, गच्ची संपून भिंत सुरू होते त्या वळणात असते. तिथे साइटवर कापून चिकटवलेला तुकडा टिकत नाही. कारखान्यात घडवलेला कोपरा घ्या, थोडा खर्च वाढला तरी.

आग आणि पाइप

मजल्यातली फट म्हणजे आगीला वर चढायचा रस्ता. अग्निरोधक भरण भूकंपानंतरही जागेवर राहिलं पाहिजे. यूएल २०७९ या अमेरिकी अग्निचाचणीत आधी जॉइंट ठरावीक वेळा हलवतात आणि मगच आगीत घालतात. स्थिर स्थितीतल्या अग्निचाचणीचा कागद पुरेसा समजू नका.

जॉइंट ओलांडणाऱ्या स्प्रिंकलर लाइन, वायरिंगचे पाइप, डक्ट, रेलिंग, फॉल्स सीलिंग यांचं एकत्र चित्र काढा. प्रत्येकाला फटीइतकीच हालचाल हवी. स्प्रिंकलरचा ताठ पाइप तुटला तर पाण्याने झालेलं नुकसान कधी कधी हादऱ्याहून मोठं ठरतं.

बिघाड दिसला तर

सीलंट एका बाजूने सुटलं असेल तर पृष्ठभाग धुळीचा किंवा ओला होता, किंवा प्रायमर (सीलंटआधी लावायचा चिकटण्यासाठीचा थर) चुकला. ते मधोमध फाटलं असेल तर हालचाल त्याच्या ताकदीबाहेरची आहे किंवा सीलंट जास्त खोल भरलं आहे. साधारण रुंदीच्या निम्मी खोली ठेवावी आणि खाली बॅकर रॉड (फोमची गोल दोरी) घालावा, म्हणजे सीलंट तळाला चिकटणार नाही. तीन बाजूंनी चिकटलेलं सीलंट लवकर फाटतं.

जॉइंटला समांतर, थोड्या अंतरावर प्लास्टरमध्ये तडा आला असेल तर फट कुठेतरी बुजली आहे. शटरिंगची फळी, सांडलेलं काँक्रीट, फटीवरून गेलेला प्लास्टरचा पूल, नेहमीचेच आरोपी. कव्हर बसवण्याआधी फट टॉर्च लावून खालपर्यंत पाहिली असती तर हे तेव्हाच दिसलं असतं. कव्हर खडखडत असेल तर बार किंवा त्याची बैठक सैल झाली आहे. शेजारच्या टाइल्स उचलल्या जात असतील तर कव्हरला सरकायला जागा उरलेली नाही.

कव्हर कडक उन्हात बसवलं तर फट तेव्हा अरुंद असते, थंडीत ती रुंदावते. म्हणून बसवताना तापमान नोंदवून त्यानुसार सेटिंग करावं. बहुतेक साइटवर ही नोंद कुणी करत नाही. मोठं वादळ किंवा जाणवणारा भूकंप होऊन गेला की कव्हर उघडून आतल्या कडा पाहा. काँक्रीटचा कोपरा निघाला असेल, समोरासमोर ताजे ओरखडे असतील, तर दोन भाग एकमेकांना लागले आहेत. नवी पट्टी मागवण्याआधी फटीच्या रुंदीचा हिशेब पुन्हा करून घ्या.