पहिला पॅच पाठवण्याआधी नेमणूकपत्र वाचा

प्रकल्पाची स्वतःची प्रत (फोर्क) करून तीत बदलांची वेगळी शाखा (ब्रांच) कशी काढावी आणि ते बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती (पुल रिक्वेस्ट) कशी उघडावी, हे ओपन सोर्सकडे, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या कोडकडे, वळणाऱ्या बहुतेकांना आधीच येत असते, म्हणून त्याची उजळणी इथे करीत नाही. माझे पहिले भरीव काम ज्या कारणाने कित्येक महिने अडकून पडले ते तांत्रिक नव्हतेच. नोकरी करता करता घरी बसून लिहिलेला कोड कायद्याने आपला असतो का, हा प्रश्न तोवर मला कोणी विचारला नव्हता.

मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, सुचवलेल्या दुरुस्त्या करून झाल्या होत्या, सर्व चाचण्या हिरव्या झाल्या होत्या आणि यादीत एकच लाल फुली उरली होती. ती सीएलएची, म्हणजे योगदान देणाऱ्याने प्रकल्पाला करून द्यायच्या कराराची होती. नाव आणि ईमेल भरेपर्यंत तो फॉर्म निरुपद्रवी वाटतो. पण अपाचे फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या व्यक्तिगत करारात असते तसे एक कलम त्यातही होते. तुमच्या कामावर तुम्हाला नोकरी देणाऱ्याचा हक्क पोहोचत असेल, तर त्याची परवानगी घेतली आहे, किंवा त्याने तो हक्क सोडला आहे, किंवा त्याने स्वतंत्र करार केला आहे, असे तुम्ही सही करून सांगत असता. तेव्हा कुठे नेमणूकपत्र काढून नीट वाचले. नोकरीच्या काळात कर्मचारी जे काही निर्माण करील, मग ते कुठेही आणि कोणत्याही वेळी केलेले असो, ते कंपनीच्या मालकीचे राहील, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. परवानगी मागितल्यावर मनुष्यबळ विभागाने विधी विभागाकडे बोट दाखवले, विधी विभागाने साहेबांचे मत मागवले आणि साहेबांनी यात कंपनीचा फायदा काय, असे विचारले. मंजुरी हाती येईपर्यंत मुख्य ब्रांच इतकी पुढे गेली होती की रिबेस करताना, म्हणजे माझे बदल नव्या कोडवर पुन्हा बसवताना, जवळजवळ प्रत्येक फाइलीत कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) निघाला आणि तपासणी पहिल्यापासून करावी लागली. तो वैताग अजून उतरलेला नाही.

हे इतके लांबवण्याचे कारण असे की अनेकांना ही सारी कागदी औपचारिकता वाटते. अनेक देशांच्या कॉपीराइट कायद्यात नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा असतो आणि करारातील कलमे ही कक्षा आणखी रुंदावतात. कोड वापरण्याचा परवाना देता येतो तो मालकाच्या नात्यानेच. जे आपले नाही ते एमआयटी या ओपन सोर्स परवान्याखाली दिले काय किंवा जीपीएल या दुसऱ्या परवान्याखाली दिले काय, तो परवाना पोकळच राहतो आणि त्याची झळ तो कोड विश्वासाने वापरणाऱ्यांनाही बसू शकते. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला आणि आपल्या मालकीचा कोड लिनक्स या ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घुसवल्याचा आरोप केला. त्या वादाच्या पार्श्वभूमीवर लिनक्स कर्नलने, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, २००४ मध्ये डीसीओची (कोडच्या उगमाबद्दल योगदान देणाऱ्याने स्वतः हमी देण्याची) पद्धत सुरू केली. गिट या कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, उणे-एस (-s) हा पर्याय दिला की संदेशाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ येते. ती ओळ म्हणजे हा कोड देण्याचा अधिकार मला आहे, असे तुमचे जाहीर निवेदन असते. सवयीने बोटे चालवून ती टाकू नका. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन तर ईमॅक्स या मजकूर-संपादकासारख्या प्रकल्पासाठी भरीव योगदानाचे हक्क स्वतःकडे लिहून घेते आणि गरज असेल तिथे नोकरी देणाऱ्याचे हक्कसोडपत्रही मागते. छोट्या प्रकल्पात यातले काहीच विचारले जात नाही, पण म्हणून मालकीचा प्रश्न मिटत नाही.

घाबरून जाण्याचे मात्र काही कारण नाही. स्वतःच्या वेळेत केलेल्या आणि कंपनीच्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या कामाला पुष्कळ कंपन्या सहज होकार देतात; कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी तर अशा कामाला काही अटींवर कायद्याचेच संरक्षण आहे. होकार मात्र लेखी घ्यावा, त्यात प्रकल्पाचे नाव असावे, आणि कंपनीचा लॅपटॉप या कामाला लावू नये. गिटच्या सेटिंगमधला ईमेल एकदा तपासा, कारण ऑफिसचा पत्ता तिथे राहिला तर तो प्रत्येक कमिटवर उमटतो आणि प्रकाशित इतिहास बदलणे सर्वांनाच त्रासाचे होते. विद्यार्थ्यांना ही अडचण सहसा येत नाही; आपल्या संस्थेचे नियम तेवढे वाचून ठेवावेत.

जवळच्या वाटांबद्दल माझे मत कडवट आहे. रीडमी या प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलीमधला एखादा शब्द इकडचा तिकडे करून पुल रिक्वेस्टची संख्या वाढवणे हे योगदान नव्हे, मेंटेनरच्या वेळेची ती नासाडी आहे. हॅक्टोबरफेस्ट या ऑक्टोबरातल्या ओपन सोर्स उपक्रमात मिळणाऱ्या टी-शर्टसाठी २०२० मध्ये असा इतका कचरा आला की भाग घ्यायचा की नाही हे प्रकल्पांनी आधी सांगायचे, असा नियम करावा लागला. पैसे घेऊन पहिले योगदान करवून देणाऱ्या मार्गदर्शकांपासूनही दूरच राहा. खरा मार्गदर्शक तोच, जो तुमच्या कोडखाली उघडपणे शेरा लिहितो आणि तो शेरा चुकला तर तेही उघडपणे मान्य करतो. त्याला खासगी संदेश पाठवून गाठू नका, प्रश्न सर्वांसमोर विचारा. ते अवघड जाते हे मला ठाऊक आहे, पहिला प्रश्न पाठवताना माझाही हात थबकला होता.

करिअरचे म्हणाल तर गूगल समर ऑफ कोड हा नवोदितांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम देणारा कार्यक्रम २००५ पासून सुरू आहे आणि २०२२ पासून तो केवळ विद्यार्थ्यांपुरता राहिलेला नाही. आउटरीची ही मानधन असलेली इंटर्नशिपही आहे आणि तिच्या निवडीत अर्जाच्या काळात केलेले योगदान पाहिले जाते. लिनक्स कर्नलमधला बराचसा कोड कंपन्यांचे पगारी लोक लिहितात, त्यामुळे एखाद्या भागात टिकून काम केलेल्या माणसाला त्याच कामाची नोकरी मिळणे ही नवलाची गोष्ट नाही. पुढची नोकरी स्वीकारताना मी सही करण्यापूर्वीच माझ्या प्रकल्पांची यादी करारासोबत परिशिष्ट म्हणून जोडण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली, फक्त यादीत नवे नाव घालायचे झाल्यास आधी ईमेल करावा, एवढीच अट ठेवली.