मीटरच्या लाल दिव्याने दाखवला फ्रिजचा दोष

ऐरोलीतल्या आमच्या घराचं बिल उन्हाळा सरला, एसी बंद झाला, तरी खाली येईना. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटच्या पुढे आणि मग ३०० च्या पुढे युनिट महाग होत जातं, त्यामुळे टप्पा ओलांडला की खिशाला चांगलीच कात्री लागते.

मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं, आमच्याकडे ३२००. घरातलं सगळं बंद केलं, फक्त फ्रिज चालू ठेवला आणि मिनिटभर मोजलं. ८ वेळा. ८ गुणिले ६० भागिले ३२००, म्हणजे तासाला ०.१५ युनिट, अर्थात १५० वॅट. जुना फ्रिज कॉम्प्रेसर चालू असताना एवढं घेऊ शकतो. खटकलं ते हे की दिव्याचा वेग कमीच होईना, कॉम्प्रेसर थांबतच नव्हता. असा दिवसभर चालला तर ३.६ युनिट, महिन्याला १०८!

दार घट्ट लागतं का ते पाहायला फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून ते लावलं. खालच्या कोपऱ्यात ती अलगद निघून आली. तिथलं रबर कडक होऊन चिरलं होतं. मेकॅनिककडून नवं बसवून घेतलं, प्लग काढून मागची धूळ पुसली, फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढला. आता कॉम्प्रेसर मध्येमध्ये थांबतो.

गिझरला मोजणीही लागत नाही. २००० वॅटचा गिझर अर्धा तास तापला की एक युनिट गेलं. आंघोळ झाली की स्विच बंद करा.