इंद्रजालचं मुखपृष्ठ जपायचं तर

माझ्याकडे बाइंडिंगला येणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सच्या, म्हणजे जुन्या चित्रकथांच्या, गठ्ठ्यात कित्येक अंक बिनमुखपृष्ठाचे असतात. गिऱ्हाईक वर सांगतं, "आतली गोष्ट शाबूत आहे ना, झालं तर!" मला हे मुळीच पटत नाही. त्यातला नायक वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. त्याच्या आतल्या गोष्टी अमेरिकेतल्या वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांवरून जुळवलेल्या. रोजच्या पट्टीला मुखपृष्ठ कुठून असणार? मार्च १९६४मध्ये मुंबईत पहिला अंक निघाला, किंमत ६० पैसे, आणि त्या सुरुवातीच्या काळातली बरीच मुखपृष्ठं रंगवली बी. गोविंद यांनी. पुढे १९७६मध्ये आबिद सुरतींचा देशी नायक 'बहादुर' आला, तोही गोविंद यांनीच काढला. म्हणजे वेताळाचं इथल्या हातचं असं जे चित्र आहे, ते मुख्यतः वरच्या पानावर. जपायचं तर आधी ते जपा.

अंक हातात आला की पहिल्यांदा पिना बघा. मधल्या घडीतल्या गंजलेल्या पिनेभोवती कागद तपकिरी होऊन तिथेच फाटतो आणि मुखपृष्ठ सुटतं. पिन काढायचं चिमटं वापरू नका, त्याचे दात कागदात घुसतात. अंक मधोमध उघडा, पिनेच्या वाकलेल्या पायांखाली एक्स-रे फिल्मची बारीक पट्टी सरकवा आणि बोथट सुरीने पाय हळूहळू सरळ करा. मग अंक पालथा करून बाहेरून छोट्या पकडीने पिन ओढा. गंजाची भुकटी मऊ ब्रशने झटका, बोटाने पुसलीत तर ती कागदात मुरलीच म्हणून समजा. नवी पिन मारू नका. जुन्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ आतल्या बाजूला घ्या. हे सावकाश करायचं काम आहे, टीव्ही बघत होणार नाही.

फाटलेल्या जागी सेलोटेप लावायचा मोह होतो. काही वर्षांनी वरचं प्लॅस्टिक गळून पडतं, डिंकाचा पिवळा डाग मात्र कायमचा राहतो. पातळ जपानी टिश्यू (दुरुस्तीचा चिवट, झिरझिरीत कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरा. ज्यांच्या घरी कुरड्या होतात त्यांना हे सत्त्व कसं काढतात ते सांगायला नको. कीड लागू नये म्हणून आम्ही बाइंडर लोक खळीत मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालतो. इथे तो नको, तांब्यामुळे कागद लवकर कुजतो. खळ थोडीच शिजवा आणि उरली तर टाकून द्या. टिश्यू आतल्या बाजूनेच लावायचा. वर बटर पेपर ठेवून जड पुस्तकाखाली रात्रभर दाबा.

लॅमिनेशन? नाव काढू नका. उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही.

खंड बांधून घ्यायचाच असेल तर बाइंडरला दोन गोष्टी बजावून सांगा: मुखपृष्ठं आत राहू द्या, आणि कडांचं कटिंग नको. कटिंगमध्ये किंमत आणि अंकाचा क्रमांक उडालेले अंक मी पाहिलेत.

सुटे अंक पॉलिएस्टरच्या पाकिटात, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा लावून आडवे ठेवा. मऊ, वास येणारं प्लॅस्टिक घेऊ नका, त्याला शाई चिकटते. वर्तमानपत्रात तर गुंडाळूच नका, त्या कागदातलं आम्ल अंकात उतरतं. पावसाळ्यात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण त्या अधूनमधून वाळवाव्याही लागतात, हे बहुतेक जण विसरतात.

भिंतीवर लावायचं असेल तर मूळ अंक लावू नका. उन्हात गुलाबी आणि पिवळा आधी उडतात आणि चित्र निळं-काळं होऊन बसतं. ६०० डीपीआयला स्कॅन करा. भिंग घेऊन बघा, सगळं चित्र निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांचं दिसेल. या ठिपक्यांमुळे स्कॅनमध्ये लाटांसारखी जाळी उमटते. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ही जाळी घालवणारं 'डीस्क्रीन' असेल तर ते चालू करून बघा, पण न करता काढलेली फाइलही ठेवा. पिवळा पडलेला कागद पांढराशुभ्र करायच्या नादी लागू नका, वेताळाचा चेहराही फिका पडतो. प्रिंट मॅट कागदावर काढा, आकार मूळच्या दुपटीच्या आत, आणि फक्त आपल्या घरापुरती. छापून विकायचा हक्क आपल्याकडे नाही.