फाइल मॅनेजर रिव्हर्स प्रॉक्सीमागे ठेवताय? या चुका टाळा

फोंड्यातल्या आमच्या नाट्यमंडळाची रेकॉर्डिंगं घरच्या जुन्या संगणकावर असतात. डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन) फाइल ब्राउझर हा वेबवरचा फाइल मॅनेजर, पुढे रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून एनजिनएक्स, म्हणजे बाहेरच्या विनंत्या घेऊन मागच्या प्रोग्रामकडे पोचवणारा सर्व्हर. चवथीच्या तोंडावर आमच्या तबलजींनी तालमीचा ७०० एमबीचा व्हिडिओ चढवायला घेतला आणि पाच मिनिटांत फोन: "अरे बाबा, ४१३ म्हणतंय. डिस्क भरली काय तुझी?" डिस्क अर्धी रिकामी होती. मी मात्र अख्खी संध्याकाळ फाइल ब्राउझरच्या सेटिंगमध्ये घालवली.

त्यांनीच आदल्या दिवशी पाठवलेली तीनशे केबीची पत्रिका विनातक्रार चढली होती. तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. ४१३ म्हणजे 'विनंती फार मोठी', आणि एनजिनएक्स मुळात १ एमबीपेक्षा मोठी विनंती घेतच नाही. फाइल मॅनेजरने तुकडे करून पाठवले तरी तुकडा त्याहून मोठा असला की तीच गत. एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' वाढवा. शून्य लिहिलं की मर्यादाच उठते, पण मी २ जीबी ठेवलीय.

त्याच्याच पाठीला पाठ लावून दुसरी अडचण आली. फाइल चढवतानाची पट्टी १०० टक्क्यांवर जाऊन ढिम्म बसते. एनजिनएक्स आलेला सगळा मजकूर आधी स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरात साठवतो, मग पुढे ढकलतो. ते फोल्डर छोट्या पार्टिशनवर असेल तर तिथेच गळा दाटतो. 'प्रॉक्सी रिक्वेस्ट बफरिंग' बंद करा.

५०२ (मागच्या प्रोग्रामकडून नीट उत्तर नाही) दिसला तर एनजिनएक्सही कंटेनरमध्ये आहे का ते बघा. तिथून १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतःच, शेजारचा नव्हे. दोघांना एका डॉकर नेटवर्कवर आणा आणि कंटेनरचं नाव लिहा. मोठं फोल्डर झिप करून उतरवताना ५०४ येत असेल, तर मागून ६० सेकंद काहीच आलं नाही म्हणून एनजिनएक्सने हात वर केलेत. 'प्रॉक्सी रीड टाइमआउट' वाढवा.

पान पांढरंफटक? बहुधा तुम्ही उपमार्गावर ('डोमेन/files' अशा पत्त्यावर) ठेवलंय आणि फाइल मॅनेजरला 'बेस यूआरएल' सांगितलेला नाही. 'प्रॉक्सी पास'च्या पत्त्याशेवटी तिरकी रेघ असली की एनजिनएक्स उपमार्ग कापून पुढे पाठवतो, नसली की जसाच्या तसा. या एका रेघेपायी लोकांनी केस उपटलेत. मी तर सरळ सबडोमेन ('files.डोमेन' असा वेगळा पत्ता) घ्या म्हणेन.

आपल्याकडे आणखी एक भानगड: राउटरवरचा बाहेरचा आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, बाहेरून कोणी आत पोचणार नाही. मी इंटरनेटवाल्याकडून स्थिर आयपी घेतला.

भाड्याच्या सर्व्हरवर मांडणार असाल तर सगळ्यात घातक चूक ही. '८०८०:८०' असं पोर्ट उघडलं की डॉकर यूएफडब्ल्यू या फायरवॉलला वळसा घालून ते जगाला दाखवतो. यूएफडब्ल्यू 'बंद' म्हणत असतो, आणि लॉगिनचं पान कूटबद्धीकरणाविना उघड्यावर. '१२७.०.०.१:८०८०:८०' लिहा, वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून सर्व्हरचा आयपी ८०८० पोर्टसह टाका. पान उघडलं नाही, तरच तबलजींना लिंक पाठवा.